जपानी शेजारी आणि आम्ही तिघी

टेक्सासमधल्या शुगर लँडमध्ये आम्ही तिघी मैत्रिणी दर शुक्रवारी दुपारी वसुधाकडे सिनेमा बघतो. त्यातून किस्से इतके साठलेत, की फ्रीजरमधल्या डब्यांसारखं झालंय. कुठला कधीचा, काही कळत नाही!

*

सुरुवात चुकून झाली. वसुधाने नुसतं चित्र बघून एक जपानी सिनेमा लावला. दोन घरं, मध्ये कुंपण, कपडे वाळत घालणारी बाई. "कौटुंबिक दिसतोय गं!"

दहाव्या मिनिटाला शेजारी आला आणि त्याने शर्ट काढला.

आमच्या सत्तरीच्या लेलेकाकू शांतपणे म्हणाल्या, "उकडत असेल बिचाऱ्याला. ऑगस्टमध्ये आपल्याकडे तरी काय वेगळं असतं?"

*

मग असे आणखी तीन बघितले. तेही चुकूनच! नको ते दिसायला लागलं, की मी टीव्हीसमोर उशी धरायचे.

काकू ओरडायच्या, "अगं, खालची अक्षरं तरी वाचू दे!"

*

प्रत्येक सिनेमात शेजारी त्या बाईला "ओकुसान, ओकुसान" म्हणायचा. काकूंना वाटलं, ते नटीचं नाव. "या ओकुसानला बरी सगळीकडे कामं मिळतात!"

वसुधाने फोनवर शोधलं. "काकू, ओकुसान म्हणजे आपलं वहिनी."

"अगं बाई! वहिनी म्हणून हे असले उद्योग?"

*

एकदा मी घरी आमच्या ह्यांना सांगितलं, "सिनेमात शेजारी तिला म्हणाला, तुमचे हात किती सुंदर आहेत!"

ह्यांनी माझ्या हातांकडे नीट बघितलं. "कणीक लागलीय."

*

सगळ्या सिनेमांत नवरा एकसारखाच. येतो, जेवतो, झोपतो. काकू म्हणाल्या, "हा तर अगदी आपल्यातला वाटतो!"

मी खूप हसले. वसुधा हसली नाही. "आमचा अनिल तर जेवताना मीठ कमी आहे एवढंही म्हणत नाही. उठून स्वतःच घेतो. डिसेंबरमध्ये नाशिकला माहेरी चाललेय मी. रिटर्न तिकीट काढलेलं नाही."

त्या दिवशी सिनेमा अर्धाच राहिला.

*

पुढच्या शुक्रवारी अनिल ऑफिसमधून लवकर आला. गराजचं दार आम्हाला ऐकूच आलं नाही. टीव्हीवर शेजारी बेल वाजवून सोया सॉस मागत होता.

"हे काय बघताय?"

"जपानी संस्कृती," काकू म्हणाल्या.

अनिल सोफ्यामागे उभा राहून बघत राहिला. पडद्यावरच्या नवऱ्याने मान खाली घालून जेवण संपवलं, ताट सरकवलं, निघून गेला. अनिल किचनमध्ये गेला, मग बाहेर. पुढचं दार आपटलं. वसुधाचे डोळे भरून आले.

तेवढ्यात बेल वाजली.

वसुधाने दार उघडलं. समोर अनिल, हातात रिकामी वाटी.

"नमस्कार. मी शेजारी राहतो. थोडी साखर मिळेल का?"

वसुधाने वाटीकडे बघितलं, त्याच्याकडे बघितलं. मग पदर नसलेल्या कुर्त्याचा पदर सावरत म्हणाली, "मिळेल की! या ना आत. आमचे हे कधी घरी नसतातच!"