खलीलची माय

समस्त शिरड शहापूरकरांस अत्यंत गंभीरपणे कळविण्यात येते की, सत्तरच्या दशकात ज्या गावी जाण्यासाठी तुम्ही आम्हाला एसटी स्टँडवर हार घालून निरोप दिलात, त्या रामल्यात रामाचं देऊळ नाही. ही बातमी द्यायला पंचवीस वर्षं उशीर झाला, माफी असावी.

दोष माझ्या बापाचा. माणूस मूळचा कोकणातला यहुदी. सिद्धेश्वर धरणाच्या कामावर आला, कालव्यावर पाटकरी झाला आणि शिरडलाच रुजला. "इस्राएलला चाललो" म्हटलं की कोणाला उमजेना, म्हणून त्यानं गावाचं नाव सांगितलं. झालं! "रामला? रामाचं गाव व्हय? नशीब काढलं बुवा!" शेजारच्या गयाकाकूनं आईच्या पिशवीत नारळ कोंबला, "आमच्या नावानं फोडजा." एसटी हलली तशी गयाकाकू रडली, आणि बाप खिडकीतून असा हात हलवत राहिला, जणू निवडणूकच जिंकलाय. मला म्हणाला, "आपल्या घरी चाललो लेका. तिथं कोनी इचारनार न्हाई, तुमी नेमके कोन म्हणून."

पहिल्याच आठवड्यात सरकारी बाईनं तेच विचारलं. इतके सावळे लोक यहुदी कसे, हे तिला कळेना. शेवटी एका इमारतीत दोन खोल्या मिळाल्या. अशा सरकारी घरांना तिथं 'शिकून' म्हणतात. बाप म्हणाला, "बघ, शाळेत न जाता शिकून मिळालं!" त्या देशातला त्याचा हा पहिला विनोद, आणि शेवटचाही. नंतर तो कारखान्यात पेट्या उचलायचा आणि घरी येऊन भिंतीकडे बघत बसायचा.

आई हिब्रूच्या वर्गात महिनाभर मुकी बसली. मग एक दिवस जुन्या बाजारात एका अरब बाईच्या दुकानापुढे उभी राहून, काय मागावं ते न सुचल्यानं वैतागून स्वतःशीच पुटपुटली, "साबण खलास!"

"साबून? खलास?" म्हणत दुकानदारणीनं साबणाची वडी पुढे केली.

आई थक्क! निजामाच्या राज्यातून आपल्या तोंडात राहिलेले शब्द तिथं एकेक करून जिवंत निघाले. दुकान, हिसाब, किताब, तारीख. ज्या भाषेसाठी समुद्र ओलांडला तिनं आईचं तोंड बंद केलं होतं. ज्यांच्यापासून जपून राहा म्हणून आम्हाला बजावलं होतं, त्यांच्या भाषेनं ते उघडलं.

त्या बाईला सगळे उम्म खलील म्हणत. उम्म म्हणजे आई. हे कळल्यावर आईनं भर बाजारात टाळी वाजवली. "अगं बया, खलीलची माय! आपल्यावानीच की!" शिरडला ती दान्याची माय होती. रामल्यात ती उम्म दानिएल झाली. दुपारी दोघी पोत्यांवर बसून डाळ निवडत, अर्धं बोलणं हातांनी. उम्म खलीलच्या दोन बहिणी युद्धात सरहद्दीपलीकडे गेल्या होत्या, वीस-पंचवीस वर्षांत भेट नव्हती. आई रोज तिला बहिणींची नावं विचारायची. पाठ झाली होती तरी विचारायची. तेवढीच ती नावं मोठ्यानं घेतली जायची.

अठराव्या वर्षी मी इतर यहुदी पोरांसारखा फौजेत गेलो. माझी वर्दी बघून आईनं आधी दृष्ट काढली, मग म्हणाली, "ह्या कपड्यात दुकानाकडं येऊ नको." मी गेलो नाही. दुकानच माझ्याकडे आलं.

कुठल्याशा बाजारात स्फोट झाला होता. आम्ही गावाबाहेर बसगाड्या तपासत होतो. नियम सोपा होता. यहुद्यांनी आत बसायचं, अरबांनी उतरून उन्हात रांगेत थांबायचं. एका बसमधून माझ्या जोडीदारानं सहा-सात जणांना उतरवलं. त्यांत उम्म खलील होती, आणि तिच्यामागे पिशवी सावरत माझी आई. दोघी सावळ्या, दोघी अरबीत बोलत होत्या, म्हणून त्यानं दोघींना उतरवलं. आईही, आपण यहुदी आहोत हे न सांगता, उतरली.

रसिकहो, आता माझा प्रवेश. हातात बंदूक, डोक्यावर टोपी. मी म्हणालो, "ही माझी आई."

जोडीदार ओशाळला. माफी मागून त्यानं आईला हाताला धरून परत वर चढवलं. मग उम्म खलीलकडे मान वळवून मला विचारलं, "आणि ही?"

ती माझ्याकडे बघत होती. मी हिला ओळखतो, एवढंच म्हणायचं होतं.

मी म्हणालो, "हिचे कागद बघ."

दुसऱ्या दिवशी आई दुकानात गेली. उम्म खलीलनं तिला 'गेव्हेरेत' म्हटलं. हिब्रूत त्याचा अर्थ बाईसाहेब. आई आठवडाभर जात राहिली, आठवडाभर बाईसाहेबच राहिली. मग तिनं जाणं सोडलं. एकदा मीही गेलो, माफीची वाक्यं घोकून. गल्ल्यावर खलील होता. त्यानं स्वच्छ हिब्रूत विचारलं, "काय हवंय?" मी साबण घेऊन परत आलो.

आई वारली. दुकान बंद झालं, खलील कुठं गेला ठाऊक नाही, आणि ठाऊक असतं तरी काय केलं असतं? बापाचं म्हणणं मात्र खरं झालं. तुम्ही कोण, असं मला आता कोणी विचारत नाही. ते विचारायचं काम माझ्याकडे आलं.

तुम्ही पत्रांतून विचारता, तुझं घर आता कोणतं? रामल्यातल्या खोल्यांचे कागद माझ्या नावावर आहेत. शिरडला आलो तर तुम्ही पाहुण्यासारखा चहा द्याल. मला विचाराल तर घर म्हणजे एक आवाज. त्या दिवशी उम्म खलीलला रांगेतच ठेवून बस सुटली तेव्हा आई खिडकीतून अर्धी बाहेर आली, आणि त्या रस्त्यावर माझ्याशिवाय कोणालाच कळणार नाही अशा आपल्या बोलीत ओरडली, "दान्या, तिला काहून उन्हात ठिवलं रे?"