जीपमधली पुढची जागा

सिंथेरीचा खडक देवानं केला, असं गुंद गावातली माणसं समजतात. आमच्या आतोबांना कुणी विचारलं असतं, तर त्यांनी ते उघड नाकारलं नसतं. वास्तुशांतीच्या दिवशी घराचा गवंडी पाहतो तसं विनयानं खाली पाहिलं असतं, एवढंच. जोयड्याचं सगळं रान, म्हणजे कानेरी नदी, कवळ्याची गुहा, उळवीच्या वाटेवरचे डोंगर आणि त्यांत हिंडणारे गवे, धनेश, शेकरू, या सर्वांवर त्यांचा एक घरगुती हक्क होता. पाहुण्यानं खडकाची तारीफ केली की "असू दे, असू दे" म्हणून ती तारीफ ते स्वतःकडे घ्यायचे, आणि धुक्यात डोंगर दिसला नाही तर त्याच्या वतीनं माफी मागायचे. "आज जरा लाजलाय. उद्या दाखवतो."

आतोबा म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. मूळचे खानापूरकडचे, पण लग्नानंतर लवकरच जोयड्याला येऊन राहिलेले. हुबळीच्या एका लाकूडवाल्या सावकाराचे ते मुकादम होते. रानात झाडं तोडून ओंडके बाहेर काढण्याचं काम त्यांच्या देखरेखीखाली चाले. मी तेव्हा बेळगावात कारकुनी करत होतो आणि सुट्टी मिळाली की त्यांच्याकडे पळत होतो. नवराबायको दोघंच घरात, त्यामुळे मला तिथं मुलाचा मान होता आणि जीपमध्ये मागची जागा.

ही जीप हाच आतोबांच्या आयुष्यातला मोठा पराक्रम. लढाई संपल्यावर लष्कराच्या जुन्या जीपा मोडीच्या भावात निघाल्या, त्यांतली एक त्यांनी बेळगावातून आणली. लाकडाच्या कामासाठी आणतोय, असं त्यांनी आत्याला सांगितलं होतं, आणि आत्यानं ते ऐकून घेतलं होतं. गाडी अमेरिकेची, त्यामुळे तिचं स्टेअरिंग डाव्या हाताला. पाहुणा आपल्या सवयीनं डावीकडून चढायचा आणि स्टेअरिंगसमोर जाऊन बसायचा. मग आतोबा अदबीनं म्हणायचे, "आधी बघून घ्या साहेब, मग चालवा." गाडीला छप्पर नव्हतं. हॉर्न नव्हता, वळणावर आतोबाच 'होऽऽ' करून ओरडायचे आणि पलीकडच्या गाडीवानाकडून उत्तर येईपर्यंत थांबायचे. ब्रेक होता, पण तो विचारी होता. दाबल्यावर जरा वेळ विचार करून मगच लागायचा. म्हणून गाडीत एक मोठा दगड असे. गाडी थांबायच्या बेताला आली की मागच्या माणसानं उडी मारून तो चाकाखाली सरकवायचा. बेळगावच्या कचेरीत मला कुणी विचारत नसे, पण जोयड्याच्या चढावर चारचौघांचा जीव माझ्या हातात असायचा.

आत्याच्या घरी ज्यानं पाण्याचा तांब्या तोंडाला लावला तो पाहुणा, आणि पाहुण्याला खडक दाखवल्याशिवाय जाऊ द्यायचं नाही, हा आतोबांचा कायदा. मधल्या काळात आमचा तो मुलूख मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला, पण या कायद्यात फरक पडला नाही. एकदा देवी टोचायला एक डॉक्टर आले होते. शाळेतली पोरं बाह्या वर करून, रडायच्या तयारीत रांगेत उभी होती. डॉक्टर घोटभर चहा प्यायला म्हणून आतोबांकडे टेकले, ते तिन्हीसांजेला लाल मातीनं माखून परत आले. पोरांनी त्या दिवसानंतर आतोबांना रस्त्यात भेटेल तिथं नमस्कार करायला सुरुवात केली.

खडकाची उंची हा वेगळा विषय. खडक खरोखरच अफाट आहे. एकसंध काळाकरडा कडा सरळ आभाळात गेलेला, अंगाखांद्यावर मधाची पोळी लोंबतायत, आणि पायथ्याशी नदीनं खडक पोखरून पोकळ्या केल्यात. त्याला कुणाच्या वकिलीची गरज नव्हती. पण आतोबा पाहुण्याचा दर्जा पाहून उंची सांगायचे. पोस्टमनला सांगताना तो चार माडांएवढा असे, शाळा तपासायला आलेल्या साहेबांना आठ माडांएवढा, आणि कोट घातलेला कुणी आला तर माड कमी पडायचे. मी एकदा हळूच हे बोलून दाखवलं, तेव्हा ते म्हणाले, "भाचेराव, मोठ्या मानसाला ल्हान गोष्ट दाखवली तर त्येला राग येतोय. आनि ल्हान मानसाला लई मोठी दाखवली तर भ्या वाटतंय. हिशेबानं दाखवाय पायजे."

खडक येण्याआधीच्या वळणावर ते सगळ्यांना डोळे मिटायला लावायचे. "मिटा! मिटा! मी म्हटल्याबिगर उघडायचं न्हाई!" मग गाडी अगदी समोर नेऊन, घसा साफ करून, "हं, आता!" एकदा एका पाहुण्यांबरोबर हे करताना उत्साहाच्या भरात त्यांनी स्वतःही डोळे मिटले. आपल्यालाही तो खडक पहिल्यांदाच दिसावा, असं वाटलं असणार. आम्ही सगळे बांबूच्या बेटात शिरलो. कुणाला फारसं लागलं नाही. आतोबांनी अंगावरची पानं झाडली आणि बांबूच्या जातींबद्दल माहिती द्यायला सुरुवात केली.

गवा आडवा आला तर ते इंजिन बंद करायचे आणि त्याच्याशी कानडीत बोलायचे. घरच्या बैलांशी मराठीत, रानातल्या जनावरांशी कानडीत, हे त्यांचं ठरलेलं होतं. "होग्री अण्णा, होग्री," असं हात जोडून ते त्याला जायला विनवायचे, आणि गवा आपल्या सवडीनं निघून गेला की पाहुण्यांकडे वळून म्हणायचे, "वळखीचा हाय."

अशा प्रत्येक सफरीत आत्याचं एक गाठोडं असायचं. तांदळाच्या भाकऱ्या, कुळथाचं पिठलं, केळीच्या पानात बांधलेला दहीभात. पहाटे उठून ती रांधायची, गाडी धूळ उडवत गेली की चूल सारवायची आणि संध्याकाळी परतलेल्या पाहुण्यांना ऊन पाणी काढून द्यायची. पाहुणे खडकाविषयी बोलत बसायचे. तीही भांडी आवरता आवरता हसून मान हलवायची.

एका हिवाळ्यात हुबळीचे सावकार स्वतः आले. अंगानं भारी, बोलायला गोड, पण मनातलं काही कळू न देणारे. पुढच्या हंगामात तोडणीचं काम आतोबांकडे ठेवायचं की दांडेलीच्या दुसऱ्या एका मुकादमाला द्यायचं, हे ठरवायला ते आलेत, हे सगळ्यांना माहीत होतं. ते काम गेलं तर जीप तर सोडाच, घरचं चालणंही अवघड होतं. आतोबांनी अर्थातच दुसऱ्या दिवशीचा बेत आखला. संध्याकाळी सावकार जेवायला बसले तेव्हा खडकाची उंची माडांच्या पलीकडे गेलेली होती.

सावकारांना मधूनच घरच्या बाईशी दोन शब्द बोलावेसे वाटले. आत्या भात वाढत होती. ते म्हणाले, "मुकादम येवढं सांगतात. अक्का, तुम्हाला कसा वाटला हो तो खडक?"

"मी कुठं बघितलाय?" आत्या म्हणाली. "माझ्या भाकऱ्या असत्यात की." आणि तिनं त्यांना आणखी भात हवा का विचारलं.

त्यात तक्रार नव्हती. दूध तापलंय, असं सांगावं तसं ती बोलून गेली. सावकारही हसून पुढच्या घासाकडे वळले. पण आतोबांचा हात ताटातच राहिला. ते तिच्याकडे बघत होते, आणि मला वाटतं ते मनातल्या मनात एकेक पाहुणा आठवत होते. देवीचा डॉक्टर, शाळेचे साहेब, पोस्टमन, कुणाकुणाचे मेहुणे, वाट चुकलेले दोन फकीर. त्या दिवशी जेवणानंतर त्यांनी कुणालाच काही सांगितलं नाही. असं त्या घरात पूर्वी घडलेलं नव्हतं.

सकाळी मी उठलो तो स्वयंपाकघरातल्या आवाजानं.

"इझव ती चूल," आतोबा म्हणत होते.

"अवं, मग सावकार काय खातील?"

"केळी हायत. पोहे हायत. तू उठ. लुगडं बदल."

"माझं काय काम तिथं? आनि म्हशीचं कोन बघंल?"

"शेजारणीला सांगितलंय मी. उठ म्हनतो न्हवं?"

"लोक काय म्हनतील?"

"लोकांनी खडक बघितलाय," आतोबा म्हणाले. "आता त्येंनी गप बसावं."

आत्या बाहेर आली ती तिच्याकडचं एकुलतं इरकल नेसून, अवघडल्यासारखी. सावकार आधीच जीपपाशी पोचले होते. पुढची जागा पाहुण्यांची, हे त्यांना सांगावं लागणार नव्हतं. एक पाय आत ठेवून ते चढणार, एवढ्यात आतोबांनी त्यांच्या दंडाला हात लावला.

"सावकार, तुम्ही मागं कुंद्री."

मागं बसा? सावकारांना वाटलं, आपण ऐकण्यात चुकलो. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी दगडाकडे पाहिलं. आत्या तर लाजेनं अर्धमेली झाली. "मी बसते की मागं, मला काय हुतंय," असं ती पुटपुटत होती. आतोबांनी तिचा हात धरून तिला पुढं बसवलं, लुगड्याचा पदर चाकात जाणार नाही असा आत सारला, आणि सावकार माझ्याशेजारी पत्र्याच्या अरुंद बाकावर गुडघे छातीशी घेऊन बसले.

त्या दिवशी आतोबांनी जशी जीप हाकली तशी ती ना आधी हाकली ना नंतर. प्रत्येक खड्ड्याला वळसा घातला. दगड दिसला की थांबले. लाकडाची एक बैलगाडी आमच्या मागून आली, जरा वेळ आमच्यामागे रेंगाळली, आणि मग बाजूनं पुढं निघून गेली. गाडीवानानं वळून वळून पाहिलं. वाटभर आतोबा एक अक्षर बोलले नाहीत. झाडं, पाखरं, ओढे तसेच बिनओळखीचे मागं पडत गेले.

शेवटचं वळण आलं. त्यांनी गाडी थांबवली. मी दगड लावला.

"हितं मी लोकांस्नी डोळं मिटाय लावतो," ते म्हणाले.

"मग मिटू?"

आतोबांनी थोडा विचार केला. "नको," म्हणाले. "तू सगळंच बघ."

गाडी नेहमीसारखी पुढं न नेता त्यांनी तिला तिथंच उतरवलं. ते तिला हात देत खाली घेऊन गेले. झाडी संपली आणि तो कडा समोर उभा राहिला. आत्यानं मान वर केली, आणखी वर केली, पदर डोक्यावरून घसरला तरी तिला कळलं नाही. मग ती नदीकाठच्या एका गुळगुळीत धोंड्यावर बसली आणि पाण्यात पाय सोडले. आतोबांनी घसा साफ केला. त्यांच्याकडे या जागेवर बोलायचं एक लांबलचक भाषण होतं, मला ते पाठ होतं. पण त्यांना पहिलं वाक्यच सापडेना. ते नुसते तिच्याशेजारी उभे राहिले.

शेवटी आत्यानंच विचारलं, "केवढा हो असंल ह्यो?"

आतोबा वर बघत राहिले. "म्या कदी मोजला न्हाई गं," ते म्हणाले.

सावकार लांब एका झाडाखाली केळी खात बसले होते. त्यांना तो खडक फारसा दिसला असेल असं वाटत नाही. कंबर धरून ते मान खाली घालूनच होते. परतताना तर आणखी वाईट झालं. ओढ्यात चाक रुतलं. आत्या उतरायला लागली तशी आतोबा म्हणाले, "तू बस." मग मी आणि सावकारांनी, धोतर वर खोचून, गुडघाभर पाण्यात उभं राहून गाडी ढकलली. चिखलाचं पाणी अंगावर उडालं तेव्हा सावकार पहिल्यांदाच मोकळं बोलले.

"मुकादम, ही जीप कुणाची? तुमची की अक्कांची?"

"आजचा दिस तिची," आतोबा म्हणाले आणि गिअर टाकला.

दुसऱ्या दिवशी सावकार नेहमीइतकंच गोड बोलून हुबळीला गेले. पुढच्या हंगामाचं काम दांडेलीच्या मुकादमाला मिळालं. त्या सफरीमुळेच, असं मी म्हणणार नाही. सावकारांच्या मनात आधीपासूनच ते असेल. आतोबांनी कधी त्याचा उच्चार केला नाही. वर्षभरात जीप लोंढ्याच्या कुणाला तरी विकली गेली. आतोबा बाजारकुणंगच्या बाजूला दुसऱ्याचं भातशेत कसू लागले. पाहुणे येत राहिले, पण आता चहा पिऊन जायचे. आतोबांचं बोलणं हळूहळू कमी झालं. मी एकदा आत्याला विचारलं, की काम गेलं त्याची हळहळ वाटते का. "वाटतीया की," ती म्हणाली. "वाटायची न्हाई व्हय? जीप असती तर ह्येंचा जीव रमला असता." आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "पन बरं झालं."

आता दोघंही नाहीत. त्यांची आठवण निघाली की मला खडक आठवत नाही, त्या दिवशीची परतीची संध्याकाळ आठवते. ऊन उतरलेलं, अंगणात जीप येऊन थांबलेली. सावकार कण्हत खाली उतरले आणि न्हाणीघराकडे गेले. मीही उतरलो. गोठ्यात म्हैस हंबरली. आतोबांनी इंजिन बंद केलं आणि आत्या उतरेल म्हणून वाट पाहिली. ती उतरली नाही. समोर घराची भिंत होती, तिच्यावर वाळत घातलेलं एक गोणपाट होतं, दुसरं काहीच नव्हतं. दोघं त्या भिंतीकडे बघत बसून राहिले.

"उतरायचं न्हवं?" आतोबांनी हळूच विचारलं.

"बसू या की अजून जरा," आत्या म्हणाली.