हसू नका, डोळा उघडा आहे

मी बोलत बोलत मोतीबिंदू काढायचो. हात चाकूवर, तोंड थापांवर. ऐंशीच्या दशकात गडचिरोलीकडच्या शाळांमधून आमची शिबिरं भरत. बाकं जोडली की झालं टेबल, आणि वीज इतकी लहरी की तिच्यापेक्षा काजवे धरून आणलेले बरे. इंजेक्शनने डोळा बधिर व्हायचा, माणूस मात्र जागाच. जाग्या माणसाला हलू द्यायचं नसेल तर त्याचे कान कशात तरी गुंतवावेत, हे माझं शास्त्र.

त्या दिवशी टेबलावर वैनगंगेत जाळं टाकणारा एक म्हातारा होता. आदल्या वर्षी मीच त्याला म्हणालो होतो, डाव्या डोळ्यातला मोतीबिंदू अजून कच्चा आहे, पिकू द्या, मग या. तेव्हा आम्ही सगळे असंच सांगायचो. शिबिर मात्र वर्षातून एकदा. मधल्या काळात मोतीबिंदू जास्त पिकून आत फुटला आणि डावा डोळा गेला. आता उरला होता एकटा उजवा, आणि म्हातारा पुन्हा माझ्याकडेच आला होता. म्हणून मी नेहमीपेक्षा मोठी थाप काढली.

बुबुळाच्या वरच्या कडेने चीर देता देता सांगू लागलो, मी धरलेली मरळ मासोळी बैलबंडीत मावेना, शेपूट मागे घासत आलं, त्या खुणेवरच पुढे सरकारने सडक बांधली. बर्फाहून गार सळई डोळ्यातल्या पिकलेल्या भिंगाला टेकवली, ती गोठून चिकटली. लहानशा चिंचोक्याएवढं भिंग हळूच वर येऊ लागलं, आणि चादरीखाली म्हाताऱ्याचं पोट हलायला लागलं.

भिंगाच्या मागे डोळ्यातला गर असतो. माणूस हसला तर तो बाहेर येतो आणि डोळा कायमचा जातो. माझा हात होता तिथेच थिजला.

"भाऊ, हसू नका. डोळा उघडा आहे."

"मी काऊन हसू जी," चादरीखालून आवाज आला. "मासोळी वीतभर होती म्हणा, मंग मी चूप राह्यतो."

"वीतभर होती," मी म्हणालो.

पोट थांबलं. उरलेलं काम मी मुक्याने केलं. सिस्टरला वाटलं मला ताप आला.

दुसऱ्या दिवशी पट्टी सोडली आणि त्या डोळ्यापुढे जाड भिंग धरलं. म्हाताऱ्याने पापणी मिटली, उघडली, पुन्हा मिटली. तेवढ्या वेळात धान पेरून, कापून, भरडून झालं असतं.

"बोटं किती?"

"तीन." मग तो माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहत राहिला. "लय मोठे दिसता जी तुमी."

त्या जाड भिंगातून सगळंच थोडं मोठं दिसतं. हे रोग्याला समजावून सांगणं डॉक्टरचं कामच आहे. मी सांगितलं नाही.