मधली जागा

कोलकात्यात डमडम मेट्रो स्टेशनाबाहेरच्या चहाच्या बाकावर तो रोज सकाळी दोन भावांच्या मधोमध बसलेला असायचा. त्याचं नाव मी कधी विचारलं नाही. भावांचं एकमेकांशी बोलणं बंद होतं, हे मात्र चहावाल्यासकट सगळ्यांना ठाऊक होतं. थोरला याच्याकडे बघून म्हणायचा, "त्याला सांगा, आईने रात्री दोन घास खाल्ले." हा मातीच्या भांड्यातल्या चहावर फुंकर घालत मान हलवायचा. मग धाकटाही यालाच म्हणायचा, "सांगा, औषध मी आणतो." हा तिकडेही मान हलवायचा. निरोप त्याने कधी पोचवला नाही. गरजच नव्हती.

मी कॉलेजात संवादशास्त्र शिकवते. आमच्या परदेशी पुस्तकांत बोलणारा आणि ऐकणारा समोरासमोर असतात आणि मनातलं थेट, नजरेला नजर देऊन सांगतात. म्हणून एकदा मोडक्या बंगालीत मी त्याला विचारलं, "दादा, यांचं एकदाचं जुळवून का नाही देत?"

तो हसला. "बोलतात की रोज. फक्त बघत नाहीत. बघायला वेळ लागतो."

परवा तो आलाच नाही. बाकाभोवती गर्दी होती, तरी मधली जागा रिकामी होती. थोरला त्या जागेकडे बघून हळूच म्हणाला, "त्याला सांगा, आई त्याची आठवण काढते."

धाकट्यानेही तिथेच बघितलं. "सांगा, संध्याकाळी घरी येतो."

चहावाला मला म्हणाला, बसा ना. मी उभ्यानेच चहा प्यायले. त्या जागी बसायचा मला धीर झाला नाही.