जिन्यावरचे ठोके

लेकीने पहिल्या पगारातून मला ठोके मोजणारं घड्याळ आणलं. तोवर मला हृदय आहे यावर माझ्या बायकोचा फारसा विश्वास नव्हता.

सदाशिव पेठेत आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो, लिफ्ट नाही. मंडईतून दोन पिशव्या घेऊन वर आलो आणि दारात घड्याळ पाहिलं, तर १२८. दुसऱ्या दिवशी नुसते दोन नारळ आणले, १२४. आठवडाभर बघत होतो. कधीही बघावं, शंभराच्या वर.

मी घाबरलो. मरणाची भीती होतीच, पण मेच्या पहिल्या रविवारची जास्त होती. त्या दिवशी सगळे नातेवाईक आमच्या गच्चीवर जमतात आणि लाकडी पॉटमध्ये आंब्याचं आइसक्रीम होतं. त्या पॉटचं हँडल वीस वर्षं माझ्याकडे आहे. एरवी घरात मला कुणी काही विचारत नाही, पण आइसक्रीम घट्ट होऊन हँडल जड झालं की सगळे माझ्याकडे बघतात. तेवढी दहा मिनिटं मी कर्ता पुरुष असतो.

"यंदा दादा फिरवेल," बायको म्हणाली. "तुम्ही बर्फावर मीठ टाकत बसा."

दादा म्हणजे तिचा थोरला भाऊ. वीस वर्षं त्याचा त्या हँडलवर डोळा आहे.

मीठ टाकण्याआधी डॉक्टर गाठावा म्हणून आम्ही नारायण पेठेतल्या आमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी तपासलं, कार्डिओग्राम काढला आणि म्हणाले, "ठीक आहे सगळं."

"मग १२८ कसे?"

"तीन जिने चढलात, हातात पिशव्या. पायांना रक्त जास्त लागतं, हृदय भराभर पुरवतं. त्याचं कामच आहे ते. बसल्यावर किती असतात?"

"ते नाही माहीत."

"का? घड्याळ तुमच्याबरोबर बसत नाही?"

बायकोने सांगून टाकलं, "घरी आले की काढून खोक्यात ठेवतात. पट्टा झिजतो म्हणे. काचेवरचं प्लास्टिकसुद्धा काढलेलं नाही अजून."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "म्हणजे या घड्याळाने तुम्हाला आजवर फक्त जिन्यावर पाहिलंय."

मग त्यांनी समजावलं. पाच मिनिटं शांत बसून आकडा बघायचा. चढून आल्यावर तो किती वेळात खाली येतो ते बघायचं. छातीत दुखलं, चक्कर आली किंवा बसल्या जागी धडधड थांबेना, तर आठवडाभर निरीक्षण करत बसायचं नाही, तडक यायचं.

"चढताना बोलता येतं का?"

"तेवढंच येतं," बायको म्हणाली.

मी हँडलचं विचारलं. कसलं हँडल, म्हणाले. मी बर्फापासून सगळं सविस्तर सांगितलं. बाहेर पेशंट खोकत होते.

"फिरवा," ते म्हणाले. "दमलात की थांबा. आणि आइसक्रीम एकच वाटी."

घरी येऊन मी प्लास्टिक काढलं. आरामखुर्चीत ७२. पेपर वाचताना ७४. सोसायटीच्या सेक्रेटरीचा फोन आला तेव्हा जागचा न हलता ९६. हे मात्र डॉक्टरांना विचारायचं राहिलंय.

रविवारी गच्चीवर हँडल फिरवता फिरवता १३१ झाले. थोडा दमलो, म्हणून थांबलो.

"द्या इकडे भावोजी," मेहुणा बाह्या सरसावत म्हणाला. "तुमचं आता वय झालं."

मी हँडल दिलं, खुर्चीत बसलो. तीन मिनिटांत ९०. मग उठून घड्याळ त्याच्या मनगटावर बांधलं. तोवर आइसक्रीम घट्ट व्हायला लागलं होतं.

१३८. तो हात थांबवून आकड्याकडे बघत राहिला.

"घाबरू नका," मी म्हणालो. "हालचाल केली की वाढतात. आधी बसा पाच मिनिटं."

"मी कुठं घाबरलोय," म्हणत तो बसला, आणि मनगटावरची नजर काही त्याने काढली नाही. शेवटची जड दहा मिनिटं माझ्याकडे आली. सगळे माझ्याकडे बघत होते.

पहिली वाटी संपवून मी दुसरीसाठी हात पुढे केला.

"आधी पाच मिनिटं बसा," बायको म्हणाली. "मग बघू."