पाचवा टाक

श्री. मनोहरराव दळवी यांना मी पहिल्यांदा पाहिले, तेव्हा ते आमच्या देवघरासमोर चक्क पालथे पडले होते. माझे लग्न होऊन चारच दिवस झाले होते. भर दुपारी सासूबाईंनी हाक मारली, "सूनबाई, सगळ्या बाऱ्या लाव गं, दळवीभाऊजी देव बघतायत!" आमच्या बडोद्यात खिडकीला बारीच म्हणतात. मी बाऱ्या लावल्या. अंधारात दळवीकाकांनी टॉर्च जमिनीला टेकवून तिरपा धरला आणि ताटातल्या चांदीच्या पत्र्याकडे एक डोळा मिटून पाहत राहिले. मनात म्हटले, अगं बाई, कुठल्या घरात येऊन पडले मी!

ते पत्रे म्हणजे टाक. चांदीच्या पत्र्यावर देवाची प्रतिमा ठोकून उठवतात आणि घराण्याचे कुलदैवत म्हणून पिढ्यान्‌पिढ्या पुजतात. आमच्यासारखी जुन्या संस्थानच्या फौजेतली घराणी इकडे आली, ती हे टाक कमरेला बांधून. पण चिंच आणि राख लावून रोज घासल्यावर देवाचे नाकडोळे किती टिकणार? आमच्या घरी पाच टाक, आणि कोणता कोण हे सांगणारे कोणी उरले नव्हते. सासूबाई त्यांना नुसतेच "देव" म्हणत.

काका कोयलीला रिफायनरीत कामाला होते. पाळी संपली की सायकलवरून, पुढे स्कूटरवरून, मराठी घरांतले टाक वाचत फिरत. कोणाकडून कधी चहापलीकडे काही घेतले नाही. त्यांची रीत साधी होती. खूण आधी पाहायची, नाव मागून ठेवायचे. आठ हात आणि पायाशी रेडा दिसला तर भवानी. घोडेस्वारामागे म्हाळसा आणि घोड्याखाली कुत्रा असेल तर खंडोबा. घोड्यावर एकटाच असेल तर तो वीर, म्हणजे लढाईत पडलेला घरचाच पूर्वज.

त्या दुपारी सासूबाईंना घाई होती. लग्नानंतरचा गोंधळ ठरला होता, पण खंडोबाचे जागरण घालायचे की नाही, वाघ्या-मुरळीला बोलवायचे की नाही, हे अडून बसले होते. तीन टाक चटकन ओळखू आले. पाचवा तर पार गुळगुळीत होता. चौथ्यावर घोडेस्वार दिसत होता आणि त्याच्या पाठीशी एक उंचवटा. काका टॉर्च फिरवून फिरवून पाहत राहिले.

"सांगा ना भाऊजी, वाघ्या खोळंबलाय," सासूबाई म्हणाल्या.

"खंडोबाच," काका म्हणाले. "मागे म्हाळसा आहे."

जागरण झाले. पुढे दर चंपाषष्ठीला आमच्याकडे वांग्याचे भरीत, बाजरीचे रोडगे आणि तळी. माझा मुलगा तीन वर्षांचा असताना न्यूमोनियाने दवाखान्यात होता, तेव्हा सासूबाईंनी त्याच टाकापुढे पदर पसरला. पोर उठले. आम्ही जेजुरीला जाऊन नवस फेडला. त्या दिवसापासून सासूबाईंचा सगळा जीव त्या चौथ्या टाकात होता.

चौदा वर्षांनी एका संध्याकाळी काका अचानक आमच्या गोत्रीच्या घरी दारात उभे. शेजारच्या बेननी "आवो आवो काका" केले, तिकडे त्यांचे लक्षच नव्हते. हातात स्टीलचा डबा. आत कणकेचा गोळा, त्यावर टाकाचा ठसा उमटवलेला.

झाले होते असे. आमचे तरसालीचे भाऊबंद वाटण्या झाल्यावर वेगळे झालेले. त्यांच्याकडेही आमच्यासारखाच चौथा टाक निघाला, एकाच साच्यातला. फरक एवढाच, की तो वर्षानुवर्षे पेटीत बंद असल्यामुळे घासला गेला नव्हता. काकांनी तो त्याच दिवशी दुपारी पाहिला आणि तिथून तडक आमच्याकडे आले.

"वहिनी, माझं चुकलं," खुर्चीवर बसायच्या आधीच ते म्हणाले. "ती म्हाळसा नाही. पाठीवरची ढाल आहे. खाली कुत्राही नाही. हा तुमचा वीर आहे, खंडोबा नव्हे."

सासूबाईंनी डब्यात पाहिले. ढाल अगदी स्वच्छ दिसत होती.

"चौदा वर्षं मला भलत्याच नावानं हाका मारायला लावलंत?" त्या म्हणाल्या. "आणि माझा नवस? तो कोणी ऐकला मग?"

"मला टाक वाचता येतो, वहिनी. देवाचं मन नाही वाचता येत."

"मग त्या दिवशी बोललात कशाला?"

"तुम्ही खोळंबला होतात आणि मला नाही म्हणवेना. कुत्रा दिसत नव्हता, तरी बोललो. दोष माझाच."

आमच्या घरातून काका चहा न घेता गेले ते त्या एकाच दिवशी. मला त्यांचा राग आला होता, खोटे कशाला बोलू? गप्प बसले असते तर कोणाला कळणार होते? हे मी त्यांना पुढे तोंडावर विचारलेही. ते म्हणाले, "रिफायनरीत काटा दाखवेल तोच आकडा लिहायचा असतो. अंदाजानं लिहिला तर कोणीतरी भाजतं. इथे तुझी सासू भाजली."

दुसऱ्याच दिवसापासून त्यांनी जुनी वही काढली आणि आजवर टाक वाचलेल्या एकेका घरी पुन्हा जायला सुरुवात केली. मी शाळेत विज्ञान शिकवते, माझे अक्षर बरे, म्हणून मीही बरोबर जाऊ लागले. काकांची शिष्या झाले ती अशी. वहीत आम्ही दोन रकाने केले, खात्री आणि अंदाज. काही घरी आदर झाला. एका घरी ऐकावे लागले, "काका, तुम्ही म्हणाल तसं आम्ही देव बदलत बसायचं का?" काकांनी मान खाली घालून ऐकून घेतले. बाहेर येऊन मला म्हणाले, "बरोबर बोलला तो. लिही, अंदाज." ज्यांची आयुष्यभर सगळ्यांनी वाहवा केली, त्या माणसाने सत्तरीच्या उंबरठ्यावर दारोदार जाऊन आपलीच चूक सांगावी, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. काकांच्या विद्वत्तेवर या गौरवग्रंथात पुष्कळजण लिहितील. मला ते भर उन्हात स्कूटर लावताना आठवतात.

सासूबाई तीन महिने त्यांच्याशी बोलल्या नाहीत. दसऱ्याला मात्र सकाळीच मला म्हणाल्या, "फोन कर त्यांना. जेवायला या म्हणावं." काका आले. पाहतात तो चौथ्या टाकापुढे दोन पाने वाढलेली.

"एक खंडोबाचं," सासूबाई म्हणाल्या. "इतकी वर्षं हाक मारली, आता उपाशी ठेवू का त्याला? आणि दुसरं ह्या ढालवाल्याचं. नाव काय हो त्याचं?"

"माहीत नाही, वहिनी."

"असू दे. घरचाच आहे ना? पोरासाठी तोही धावला असेल." मग त्यांनी पाचवा, गुळगुळीत टाक काकांच्या हातात दिला. "आता हा सांगा. पण घाई नाही हो मला."

काकांनी तो बारीशी नेला, तिरपा धरला, अंगठा फिरवला, आणि म्हणाले, "यंदा नाही सांगता येत."

तेव्हापासून दर दसऱ्याला हेच चालले आहे. मध्यंतरी काकांच्या डोळ्यांचे ऑपरेशन झाले. आता ते डोळ्यांपेक्षा अंगठ्यानेच जास्त पाहतात. दर वर्षी तेच उत्तर देतात आणि दर वर्षी सासूबाई खूश होऊन त्यांना बासुंदीची दुसरी वाटी वाढतात.

काका आज पंचाहत्तर वर्षांचे झाले. त्यांना निरोगी, दीर्घ आयुष्य लाभो असे लिहून मी हा लेख संपवणार होते. सासूबाईंना वाचून दाखवला, तर त्या डाफरल्या, "असं मोघम काय लिहितेस? स्पष्ट लिही, की आमचा पाचवा टाक अजून वाचायचा राहिलाय. तोवर कुठे जायचं नाही म्हणावं. आणि घाई तर मुळीच करायची नाही."

तेच लिहिते आहे, काका. दसऱ्याला पान वाढलेले असेल.