काकांचा जगाएवढा वर्ग

आमच्या मावशीच्या यजमानांसारखा शिक्षक अख्ख्या मुंबईत दुसरा झाला नसेल, आणि नाही झाला तेच बरं. घाटकोपरच्या एका शाळेत काकांनी जन्मभर भूगोल शिकवला आणि रिटायर झाल्यावर तोच वर्ग नातेवाइकांवर सुरू केला. त्यांच्याकडे जेवायला बसलं, की पहिला घास तोंडाशी नेतानाच प्रश्न यायचा, हा तांदूळ कुठून आला आणि त्याची पिशवी आता कुठे जाणार? गुपचूप जेवू द्या ना राव! माझ्या लग्नात तर त्यांनी स्टेजवर येऊन पुष्पगुच्छांवरचं प्लास्टिक सोडवलं, नीट घडी घालून खिशात टाकलं आणि मग आशीर्वाद दिला. बायकोला वाटलं, हा डेकोरेशनवाला असावा.

एकदा शाळेची सहल निघाली. पोरं वॉटर पार्कच्या आशेवर, आणि काकांनी बस नेली थेट देवनारच्या डंपिंग ग्राउंडच्या भिंतीपाशी. आपण टाकतो ते इथे येतं आणि कुणाच्या तरी दारात पडतं, जगाचे नागरिक व्हायचं तर आधी हे बघा, असं सांगून त्यांनी तिथेच डबे उघडायला लावले. दुसऱ्या दिवशी पालकांनी हेडमास्तरांना सळो की पळो करून सोडलं. अख्ख्या बसमध्ये डबा संपवला तो एकट्या सुहासनं, म्हणजे काकांच्याच मुलानं. बाबांनी सांगितलं म्हणजे खायचं, एवढंच त्याला कळायचं.

हाच सुहास पुढे कचऱ्याचं शास्त्र शिकून जर्मनीला गेला आणि तिथलाच झाला. काका सोसायटीभर सांगत फिरायचे, सगळं जग आपलंच, मग घर सोडलं असं म्हणायचंच कशाला? गेल्या वर्षी मावशी वारली आणि काकांचा आवाजच बसला. गेला महिनाभर मला रोज म्हणत होते, सुहास आला तर बरं होईल रे.

परवा मी काकांकडे असतानाच त्याचा फोन आला. स्पीकरवर होता. "बाबा, मी परत येऊ का?"

मी हातानं खुणावत होतो, हो म्हणा, हो म्हणा.

"तिकडं तुझं काम आहे ना?" काका म्हणाले. "मग माझं काय, मी झकास आहे."

फोन ठेवल्यावर गावच्या मालवणी बोलीत, मावशीशी बोलायचे तसे म्हणाले, "मीच शिकयलंय तेका. आता खंयच्या तोंडान सांगू, घराक ये म्हणान?"

मला फार वाईट वाटलं, आणि रागही आला. काकांचा आला, त्याहून जास्त सुहासचा आला. त्यानं दुसऱ्यांदा विचारायला हवं होतं. पण बाबांनी सांगितलं म्हणजे ते खरंच, ही त्याची लहानपणापासूनची समजूत.